न्हालेलं करडू

आमच्या गावातल्या निम्म्या माणसांच्या डोक्यांचा आकार माझ्या आईने ठरवला आहे, असं मी चेष्टेने म्हणत असे. चेष्टा असली तरी त्यात खोटं फारसं नव्हतं. वडील कचेरीत कारकून होते. पाथर्डीकडच्या या गावात ते बदलून आले आणि इथलेच झाले. आल्या आल्या शेजारी एक बाळंतपण झालं. त्या घरात पोराला न्हाऊ घालायला वडीलधारं कोणी नव्हतं, म्हणून आई गेली. मग दुसऱ्या घरातून बोलावणं आलं, मग तिसऱ्या. पुढे पुढे गावात पोर जन्मलं की पेढ्याआधी आईला निरोप यायचा. पैसे तिने कधी घेतले नाहीत. खण-नारळ घ्यायची आणि पोराचं नाक आपण कसं सरळ केलं ते घरी येऊन सांगायची.

तिची रीत ठरलेली होती. पाटावर पाय लांब करून बसायचं, पोर नडग्यांवर पालथं घ्यायचं, पाणी हाताने न बघता कोपराने बघायचं. तेल जिरवायचं, डाळीच्या पिठाने लव काढायची, टाळू भरायची. शेवटी शेगडीवर ओवा, वेखंड आणि लसणाची सालं टाकून धुरी. त्या धुरीवरून एकदा काढलेलं पोर दुपार टळेपर्यंत डोळा उघडत नसे. बाळंतीणही झोपायची. सगळं घर झोपायचं आणि आई उन्हातून एकटी घरी यायची. तिच्या अंगाला तो ओव्या-लसणाचा वास असायचा. माझ्या लहानपणी आईचा वास म्हणजे तोच वास.

हल्ली बाळंतपणं नगरच्या दवाखान्यांत होतात. तिथले डॉक्टर सांगतात, नाकात तेल नको, टाळूला हात नको, धूर तर मुळीच नको. आईला बोलावणी येईनाशी झाली. शेगडी मात्र तिने कधी माळ्यावर टाकू दिली नाही. दर दिवाळीला घासून ठेवायची.

आमची मुलगी पुण्यात इंजिनिअर आहे. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली तेव्हा थंडी सुरू झाली होती. लॅपटॉप घेऊन आली, कारण रजा अजून सुरू व्हायची होती. आईने तिच्या देखत शेगडी काढून पुसायला घेतली.

"आजी, तेल चालेल," मुलगी म्हणाली. "पण धुरी नाही. नाकाला हात नाही. आणि नाळ पडेपर्यंत अंघोळच नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय."

"मग मी काय करू? बघत बसू?"

"तू मांडीवर घे ना."

"मांडीवर काय, कोणीही घेतं," आई म्हणाली आणि शेगडी पुसत राहिली.

तेव्हापासून घरात दोन पक्ष झाले. माझी बायको मुलीच्या बाजूने होती, पण सासूसमोर तसं म्हणत नव्हती. मी प्राथमिक शाळेत सगळा जन्म पोरांची भांडणं सोडवली, पण इथे माझी इकडे आड तिकडे विहीर. मुलीचं खरं होतं, हे मला कळत होतं. आईची ऐंशी उलटली आहे, तिच्या हातून आता हे एकच न्हाणं राहिलं आहे, हेही कळत होतं. पणतवंडाला न्हाऊ घालायचं, एवढ्या एका गोष्टीसाठी ती टिकून होती असं म्हटलं तरी चालेल. रोज संध्याकाळी ती आपल्या तळहातांना तेल लावून बसायची. खरखरीत हात बाळाला लागू नयेत म्हणून.

अशात शेजारणीची शेळी आमच्याकडे होती.

शेजारचं कुटुंब ऊसतोडीला जातं. यंदा नवरा-बायको दोघं, ऊसतोडीच्या भाषेत एक कोयता, देवळाली प्रवराच्या बाजूला गेले. एरवी शेळी त्यांच्याबरोबर ट्रकमध्ये जाते आणि तिकडे उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, खाऊन गुबगुबीत होऊन येते. यंदा ती गाभण होती. निघायच्या दिवशी शेजारीण शेळीचं दावं धरून आमच्या दारात उभी राहिली.

"काकू, हिला तुमच्या हवाली करती," ती आईला म्हणाली. "दिस भरत आल्यात. ट्रकात धक्का बसला म्हंजी गेलं समदं. लई काई करायचं न्हाई तिचं. संगमनेरी हाय. दगड टाकला तरी खाती."

हे शंभर टक्के खरं होतं. घोडेगावच्या बाजारातून तिच्या नवऱ्याने ती पारखून आणली होती. अंगाने पांढरीशुभ्र, लोंबते कान टोकाला तपकिरी, शिंगं मागे वळलेली. दुष्काळाच्या साली लोकांची गुरं छावणीला गेली, ही बाभळीच्या वाळक्या शेंगांवर राहिली आणि वर दूध दिलं. आमच्या कुंपणावरची जाई तिने खाल्ली, निवडणुकीचं पोस्टर खळीसकट खाल्लं, दोरीवरचा माझा बनियन अर्धा खाल्ला. ताप नाही, सर्दी नाही. चिवट जात. माझी मोटारसायकल असते त्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही तिला बांधली आणि मोटारसायकल बाहेर काढली, कारण सीटसुद्धा तिने चाटून बघितली होती.

पौषात एके सकाळी आभाळ आलं. भुरभुर पाऊस आणि बोचरं वारं. मुलीच्या अंघोळीसाठी बंब पेटलेला होता. शेडमधून शेळीचा वेगळाच आवाज आला म्हणून मी जाऊन बघितलं तर ती व्याली होती. एक करडू खाली पडलं होतं, बुळबुळीत, ओलं, थरथरणारं. शेळी मात्र त्याच्याकडे पाठ करून पुन्हा कळा देत होती. पोटात दुसरं होतं.

मी शेजारणीला फोन लावला. सकाळच्या वेळी ती उसाच्या फडात, फोन खोपीत. रिंग वाजून वाजून बंद झाली. तोपर्यंत आई शेडमध्ये आली होती. तिने करडाकडे बघितलं, शेळीकडे बघितलं.

"हे गारठून मरेल," ती म्हणाली. "आईला उसंत नाही याच्याकडे बघायला."

तिने ते पदरात उचललं. ऐंशी उलटलेली बाई, एरवी भिंतीला धरून चालणारी, पण तेव्हा कुठेही न धरता सरळ न्हाणीघरात गेली. मला हाका मारून पाट मागवला. पाय लांब केले. बंबातलं पाणी बादलीत घेतलं आणि कोपर बुडवून बघितलं. मी पंचा धरून उभा होतो. मला त्यात वावगं काही दिसलं नाही, उलट फार छान वाटलं. किती वर्षांनी ते पाय असे लांब झालेले मी बघत होतो. तिने करडू नडग्यांवर पालथं घेतलं, पाठीवरून पाणी सोडलं, डाळीचं पीठ लावलं. चारी पाय एकेक करून चोळले. कान आतून पुसले. तोंडाने नेहमीचं काहीतरी पुटपुटत होती. आमची मुलगी पोटावर हात ठेवून दारात येऊन उभी राहिली आणि हसायला लागली.

"बघ," आई तिला म्हणाली, "रडतंय का?"

करडू खरंच ओरडत नव्हतं. मऊ लुगड्याच्या फडक्यात कोरडं करून आईने शेगडी पेटवायला लावली. ओवा, वेखंड, लसणाची सालं. धुरीवरून करडू तीनदा फिरवलं आणि वर कपाळाला काजळाची तीटही लावली. पांढऱ्या कपाळावर ती छान दिसत होती. मुलीने मोबाईलवर फोटो काढला. त्या फोटोत आई जशी दिसते तशी मी तिला गेल्या कित्येक वर्षांत बघितली नव्हती.

आम्ही मिरवत मिरवत करडू शेडमध्ये नेलं. दुसरं करडू जन्मलं होतं आणि शेळी त्याला चाटत होती. शेपटीपासून डोक्यापर्यंत, मग पुन्हा शेपटीपासून. तोंडाने एक हलका, गळ्यातल्या गळ्यात आवाज काढत होती. आईने पहिलं करडू तिच्या पुढ्यात ठेवलं.

शेळीने ते हुंगलं. एकदा तोंडाकडून हुंगलं, एकदा शेपटीकडून. मग मान खाली घालून तिने त्याला ढुशी मारली. करडू भिंतीवर जाऊन आपटलं.

आम्हाला वाटलं, बाळंतीण आहे, चिडली असेल. पुन्हा ठेवलं. पुन्हा ढुशी. करडू चार पायांवर धड उभंही राहत नव्हतं, तरी उठून तिच्याच कासेकडे जात होतं. दुसरं करडू सडाला लागलं होतं. शेळी मागे वळून त्याला चाटत होती आणि याला लाथ मारत होती. दोन्ही तिचीच. एकाच सकाळची.

आईने तेव्हाच ओळखलं. आम्हाला कळायला दुपार झाली, पण ती तिथेच ओल्या जमिनीवर बसली आणि म्हणाली, "मी तिचा वास धुतला."

दुपारी शेजारणीचा फोन आला. मी झाली हकिकत सांगितली.

"न्हाऊ घातलं?" ती म्हणाली. "करडाला?"

"हो."

"आन् धुरी?"

"हो."

ती हसली नाही, हे तिचे उपकार. तिने मला दोनचार गोष्टी सांगितल्या. शेळीचाच चीक काढून करडाच्या पाठीला चोळा. दुसऱ्या करडावर हे करडू घासा. शेळीचे डोळे बांधून, पाय धरून पाजा. एखादं कुत्रं म्होरं आणा, कुत्रं बघून शेळी पोराला पोटाखाली घेती. मग म्हणाली, "मला तिच्याशी बोलू द्या." मी फोन स्पीकरवर टाकून शेळीच्या कानाशी धरला.

"ए भवाने," फोनमधून आवाज आला, "पाज की गं त्याला. तुजंच हाय त्ये. माझ्या म्होरं असं करती व्हय?"

शेळीचे लोंबते कान हलले. ती एकदम उभी राहिली, दाराकडे बघायला लागली, ओरडायला लागली. मालकीण कुठे दिसते का ते शोधत तिने दाव्याला हिसके दिले आणि तेवढ्या वेळात दोन्ही करडांना विसरली. पुन्हा पुन्हा दाराकडे बघून शेवटी खाली बसली. चौथीच्या वर्गाला 'उंटावरून शेळ्या हाकणे' हा वाक्प्रचार मी वर्षानुवर्षं शिकवला. तो माझ्याच शेडमध्ये असा घडेल असं वाटलं नव्हतं.

"ऐकलं का तिनं?" शेजारणीने विचारलं.

"तुला शोधतेय," मी म्हणालो.

"मला येता येतं का गुरुजी," ती म्हणाली. "माझ्याबिगर त्येंचा कोयता बंद पडंल." आणि फोन ठेवला.

आम्ही सगळं केलं. चीक चोळला, शेळीने हुंगला आणि ढुशी मारली. दुसऱ्या करडावर घासलं. तिने दुसरं चाटलं, याला ढकललं. शेळीचे डोळे बांधून मी पुढून शिंगं धरली, बायकोने मागचा पाय धरला, आईने करडू सडाला लावलं. शेळीने पान्हा आवरून धरला. कास भरलेली आणि दुधाचा थेंब नाही. जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर येऊन बघून गेले. चांगला माणूस. म्हणाला, "होतं असं कधी कधी. चीक पिळून बाटलीने पाजा. संगमनेरीचं आहे, काही होत नाही त्याला." आमच्या मुलीने कपाटातून बाळासाठी आणलेली नवी बाटली काढली, उकळली आणि आईच्या हातात दिली.

कुत्र्याचा उपाय राहिला होता. तो मी टाळत होतो. दोनतीन दिवसांनी आईनेच आठवण केली. गल्लीतल्या कुत्र्याला भाकरी दाखवत मी शेडच्या तोंडापर्यंत आणलं. कुत्रं गरीब होतं, पण शेळीला ते काय माहीत. ती ताठ उभी राहिली, फुत्कारली, आणि दुसऱ्या करडाला तिने खरोखरच आपल्या पोटाखाली घेतलं. पहिलं करडूही घाबरून धावलं. त्यालाही कुत्रं कळत होतं आणि आईही कळत होती. ते तिच्या पोटाखाली शिरायला लागलं. शेळीने मान वळवली आणि शिंगांनी त्याला बाहेर ढकललं. कुत्र्याच्या बाजूला.

मी कुत्र्याला हाकललं. मागे वळून बघितलं तर मुलगी खिडकीत उभी होती आणि रडत होती. आई करडू उचलून घ्यायलाही पुढे झाली नाही. दोन्ही हात पदराखाली घेऊन उभी होती.

करडू मेलं असतं तर एक दिवस वाईट वाटून संपलं असतं, हे माझं मत. पण जात चिवट. बाटलीवर ते वाढलं, दुसऱ्यापेक्षा चांगलं वाढलं. घरभर फिरायचं, आईच्या मागे मागे देवघरात यायचं, निर्माल्य खायचं. बायको कुरकुरायची आणि त्याला तांदळाचं धुवण द्यायची. पण शेडचं दार उघडं मिळालं की ते सगळं सोडून शेळीकडे धावायचं. रोज. ढुशी खायचं, उठायचं, पुन्हा जायचं. एखादं नाजूक जनावर असतं तर त्याने नाद सोडला असता. याला फक्त टिकायचं माहीत होतं.

आईचं मात्र उलटं झालं. तिने संध्याकाळी हातांना तेल लावणं बंद केलं. सगळी जुनी पोरं तिला आठवायला लागली आणि भलत्याच कारणाने आठवायला लागली.

"खालच्या आळीतला तो मधला," ती एकदा म्हणाली. "आईला विचारत नाही म्हणतात. त्याला मीच न्हाऊ घातलं होतं."

"अगं, त्यांचं शेताच्या बांधावरून बिनसलंय."

"आणि तो दुकानवाला? त्याची आई आश्रमात आहे."

"त्याची बायको भांडखोर आहे."

"धुरी मी दिली होती त्याला. चांगली दाट धुरी."

मी समजावून सांगितलं. माणसं वासावर चालत नाहीत, शेळीची गोष्ट वेगळी, माणसाची वेगळी. शाळेत सांगायचो तसं मुद्देसूद सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुलाही मीच न्हाऊ घातलं."

"मग? मी आहे ना इथेच? तुझ्याजवळच राहतो ना?"

"राहतोस," आई म्हणाली. "पण जवळ येऊन कुठे बसतोस."

मी जाऊन तिच्याजवळ बसलो. तेही तिला तोंडदेखलं वाटलं असणार.

मुलीला नगरच्या दवाखान्यात मुलगा झाला. घरी आली, नाळ पडली. त्या सकाळी मुलगी स्वतः आईच्या खोलीत गेली. मी बाहेर ऐकत उभा होतो.

"आजी, आज तू घाल न्हाऊ. तुझ्या पद्धतीने घाल. हवं तर जरा धुरी पण दे. मी डॉक्टरांना काही सांगणार नाही."

हे वाक्य ऐकायला मी महिनोन् महिने थांबलो होतो. दोन पक्षांची अशी दिलजमाई माझ्या हातून कधी झाली नसती. मला वाटलं, आता आई उठेल आणि पाट मागवेल.

"नको," आई म्हणाली. "तुझ्या आईला सांग. माझा हात नको."

"आजी, मी काय शेळी आहे का?"

"नाहीस गं बाई. पण उगाच कशाला."

मुलीने आर्जव केलं, रागावली, शेवटी बाळ सरळ नेऊन आईच्या लांब केलेल्या पायांवर ठेवलं. तोवर मी आणि बायकोही आत आलो होतो. आई नुसतीच भिंतीला टेकून बसली होती, पण पाय लांब होते. बाळ पालथं पडलं, नडग्यांच्या मधोमध, जिथे गावातली सगळी पोरं पडायची तिथे. आईचे हात उचलले गेले. बाळाच्या पाठीपासून वीतभर वर थांबले. मी म्हणालो, "आई, घाल की." बायको म्हणाली, "घाला हो आई, मी आहे ना शेजारी." हात तिथेच थांबले आणि मग परत पदराखाली गेले.

"उचल त्याला," ती म्हणाली. "गार पडेल."

बायकोने न्हाऊ घातलं. आई न्हाणीघराच्या दारात उभी होती. पाणी तेवढं तिने कोपराने बघून दिलं. बाळ पुसून मुलीकडे नेताना तिने बायकोला अडवलं आणि मुलीला म्हणाली, "आधी हुंग त्याला."

"काय?"

"हुंग. नीट हुंग."

मुलीने बाळाच्या मानेशी नाक नेलं.

"आहे ना?" आईने विचारलं.

"आहे, आजी," मुलगी म्हणाली. "माझाच आहे."

मग रोज हेच. न्हाणं झालं की हुंगणं. मुलगी एकदाही हसली नाही की कंटाळली नाही. या पोरीला मी हट्टी समजत होतो.

पाडव्याच्या सुमाराला शेजारी परतले. शेजारणीने शेळीच्या पाठीवर थाप मारली, दोन्ही करडं उचलून तोलून बघितली आणि खूश झाली. आईला म्हणाली, "काकू, येवढं मनाला नका लावून घिऊ. शेळीच हाय ती, तिला काय कळतंय. ह्ये न्हालेलं तुमालाच ठिवा. तुमीच जगवलंया."

मला वाटलं, आई हो म्हणेल. करडू तिच्या पदराचं टोक चघळत उभं होतं.

"नको," आई म्हणाली. "तिच्यापाशीच असू दे. आज ना उद्या ओळखेल."

तेव्हापासून करडू पलीकडे असतं. आमच्या दोन घरांच्या मधे काट्यांचं कुंपण आहे, त्यातून सगळं दिसतं. आईचा आवाज ऐकला की ते कुंपणाशी येऊन ओरडतं. पहिले काही दिवस ती घरात दूरच्या खोलीत जाऊन बसायची. आता तिथेच खुर्ची टाकते.

मुलगी पुण्याला गेली. ती बाळाला प्लॅस्टिकच्या टबमध्ये अंघोळ घालते. रोज सकाळी आईला व्हिडिओ कॉल येतो. फोन मी धरतो, कारण आईच्या हातातून चेहऱ्याऐवजी छत दिसतं. बाळ पुसून झालं की मुलगी काही न विचारता त्याच्या मानेशी नाक नेते आणि मग कॅमेऱ्यात बघून मान हलवते. आईही मान हलवते. एवढंच बोलणं. मग आई उठून कुंपणापाशी खुर्चीवर जाऊन बसते आणि मी तिच्याशेजारी पायरीवर.

पलीकडे शेजारीण दावं सोडते. करडू आता चांगलं मोठं झालं आहे, त्याला शिंगं फुटली आहेत, दुधाची गरज संपली आहे. तरी सुटलं की आधी शेळीकडे जातं. शेळी त्याला हुंगते. तोंडाकडून, मग शेपटीकडून. आई खुर्चीच्या हातांना धरून पुढे झुकते. मग शेळी मान खाली घालते आणि ढुशी मारते.

"आज जरा हळू मारली," आई म्हणते. "बघितलंस?"

मी हो म्हणतो.